कतरिना, एक जुना पँथर आणि मदतीचे राजकारण

आपत्ती जात-धर्म पाहत नाही, असे प्रत्येक पुरानंतर आपल्याला ऐकवले जाते. पाणी पाहत नसेल. पण बोट आधी कुठे जाईल आणि छावणीत कोण कुठे झोपेल, हे माणसेच ठरवतात. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूतील काही मदतछावण्यांत दलितांना पिण्याच्या पाण्यापासून दूर ठेवले गेले, हे आपण विसरलेलो नाही. त्यानंतर आठच महिन्यांनी अमेरिकेत जे घडले ते इथे मांडत आहोत, कारण तिथल्या एका जुन्या पँथरने दिलेले उत्तर आपल्या कामाचे आहे.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळ लुईझियानावर आदळले. न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले ते मात्र सरकारी अभियंत्यांचे पूरबांध फुटल्याने. सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. शहर सोडण्याचा आदेश निघाला होता, पण चौथ्या हिश्शाहून अधिक घरांत गाडीच नव्हती. दोन तृतीयांश वस्ती कृष्णवर्णीयांची असलेल्या शहरात ही घरे बहुतेक कुणाची, हे सांगायला नको. १ सप्टेंबरला पायी पूल ओलांडू पाहणाऱ्यांना पलीकडच्या ग्रेटनाच्या पोलिसांनी बंदुका दाखवून परत पाठवले. ४ सप्टेंबरला डँझिगर पुलावर पोलिसांच्या गोळ्यांनी दोन निःशस्त्र कृष्णवर्णीय मेले.

यात नवे काही नव्हते. १९२७ च्या मिसिसिपी महापुरात ग्रीनव्हिल येथे गोऱ्यांना बोटींतून हलवले गेले आणि काळ्या शेतमजुरांना बांधावरच अडकवून ठेवले. मजूर एकदा गेले तर परतणार नाहीत, ही मळेवाल्यांची धास्ती. अंगावर बिल्ला लावा, राबा, तेव्हा शिधा मिळेल! वतनी वेठबिगारीची आठवण आम्हाला इथे झाल्यावाचून राहिली नाही.

२००५ मध्ये अल्जियर्स हा भाग कोरडा राहिला होता. तिथे हत्यारबंद गोरे टोळीने फिरत होते, काळ्यांवर गोळ्या झाडत होते. तिथेच राहणाऱ्या मलिक रहीम यांनी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काही साथीदारांसह 'कॉमन ग्राउंड' सुरू केले. एका मशिदीत दवाखाना उघडला. पुढे हजारो स्वयंसेवक आले. नाइन्थ वॉर्डातल्या घरांतला चिखल उपसला, बुरशी लागलेल्या भिंती खरवडल्या. त्यांची घोषणा होती : दया नको, एकजूट हवी.

हे रहीम १९७० मध्ये याच शहरात, डेझायर वस्तीत, ब्लॅक पँथर होते. पँथर तिथे मुलांना सकाळची न्याहारी देत. पोलीस चिलखती गाडी घेऊन त्यांना हुसकावायला आले, तेव्हा वस्तीच पोलिसांच्या आडवी उभी राहिली. १९७२ मध्ये मुंबईत आपल्या तरुणांनी नाव घेतले ते याच पँथरांचे. पस्तीस वर्षांनी वादळात कामी आली ती हीच जुनी सवय. संघटना पुराच्या दिवशी उभी करता येत नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. स्वयंसेवक बहुतेक बाहेरचे, गोरे तरुण. वस्तीतल्या माणसांऐवजी निर्णय हेच घेतात, अशी टीका झाली आणि ती रास्त होती. संघटनेतला एक बिनीचा गोरा कार्यकर्ता पुढे एफबीआयचा खबऱ्या झाला. २००८ मध्ये त्याने ते स्वतःच कबूल केले.

आणि खरी लढाई अन्नाच्या पाकिटांपुरती नव्हतीच, ती परत येण्याच्या हक्काची होती. डिसेंबर २००७ मध्ये नगर परिषदेने गरिबांची सुमारे ४,५०० सरकारी घरे पाडण्यास एकमताने मंजुरी दिली. त्यांतल्या कित्येक इमारती वादळात शाबूत राहिल्या होत्या. सभागृहाबाहेर जमलेल्या रहिवाशांवर आणि कार्यकर्त्यांवर पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला.