सेंद्रिय शेतावरील विनावेतन उमेदवारी : शिक्षण की श्रम?

अमेरिकेतील लहान सेंद्रिय शेतांवर अनेक तरुण केवळ निवास-भोजनाच्या किंवा तुटपुंज्या विद्यावेतनाच्या मोबदल्यात हंगामभर काम करतात. या उमेदवारीस ‘इंटर्नशिप’ म्हणतात. अशा देवाणघेवाणीचा एक प्रवाह ब्रिटनमधून आला. १९७१ मध्ये सू कॉपर्ड यांनी शहरवासीयांना शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतावर नेण्यासाठी ‘वूफ’ हा उपक्रम सुरू केला. पुढे तो जगभर पसरला.

कायद्याची भूमिका

१९३८ च्या संघीय श्रमकायद्यानुसार नावाला महत्त्व नाही. प्रत्यक्ष संबंध कोणता, हे पाहिले जाते. कामगार खात्याने जानेवारी २०१८ मध्ये स्वीकारलेल्या कसोटीत सात निकष असून, मुख्य लाभ कोणाला होतो, हा त्यांचा गाभा आहे. उमेदवार पगारी मजुराची जागा घेत असेल, तर ‘शिक्षणा’चा दावा लंगडा पडतो.

मागील वर्षाच्या कोणत्याही तिमाहीत ५०० हून अधिक मनुष्यदिवसांचे श्रम न वापरणाऱ्या शेतांना संघीय किमान वेतनातून (२००९ पासून ताशी ७.२५ डॉलर) सूट आहे. तथापि राज्यांचे कायदे निराळे आहेत. कॅलिफोर्नियात लहान शेतांनाही किमान वेतनाचे बंधन आहे. वॉशिंग्टन राज्याने २०१० मध्ये सॅन वान व स्कॅजिट या काउंट्यांमध्ये लहान शेतांसाठी प्रायोगिक योजना आणली. तीत वेतनसवलतीच्या बदल्यात प्रशिक्षण आणि अपघातविम्याची अट होती.

खरा प्रश्न

आपल्याकडील इर्जिकेत श्रमाची परतफेड श्रमानेच होते. येथे परतफेड ज्ञानाने व्हावयाची असते. ती झाली नाही, तर उरते ती फुकटची मजुरी. अशा श्रमावर भाजीचा भाव बेतला, तर उत्पादनाचा खरा खर्च झाकला जातो. शिवाय विनावेतन राबणे घरचा आधार असलेल्यालाच परवडते. परिणामी शेतीचे दार इतरांसाठी अरुंद होते.

जाण्यापूर्वी

आपली मुले अशा शेतावर जाणार असतील, तर कामाचे तास, शिकवण्याचे विषय आणि निवासाची सोय लेखी घ्यावी. अपघातविमा कोणाचा, हे विचारावे. भारतातून येणाऱ्या नातलगांनी विशेष सावध राहावे. पर्यटक व्हिसावर रोजगार करता येत नाही आणि निवास-भोजन हाही मोबदला मानला जाऊ शकतो.