जुनी एसयूव्ही घरी दुरुस्त करताय? आधी मोबाईल जोडा: ओबीडी डोंगल आणि चेक इंजिनच्या दिव्याची पूर्ण माहिती

मागच्या वर्षी आमच्या बाबांनी वापरलेली सात सीटर डिझेल एसयूव्ही घेतली. २०१४ चं मॉडेल, मीटरवर १ लाख ८६ हजार किलोमीटर. गाडीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे झालं तो दोष कंपनीचा नव्हता, वयाचा होता.

तिसऱ्याच महिन्यात पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गाडीतला जोरच गेला. मागे ट्रकवाले हॉर्न देतायत, मागच्या सीटवर आजी, आणि आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये कसेबसे वर चढतोय. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये दोन मिनिटांत निकाल लागला: "टर्बो गेला. नवीन टाकावा लागेल." अंदाज ४६ हजार रुपये. बाबांनी गाडीसाठीच पीएफमधून पैसे काढले होते. ते काही बोलले नाहीत, पण रात्री जेवले नाहीत. मी म्हटलं, आठ दिवस थांबा, मी बघतो.

शेवटी बिघाड निघाला १,३५० रुपयांच्या रबरी पाईपचा. तो कसा सापडला आणि मध्ये मी काय माती खाल्ली, ते खाली सांगतोच. आधी थोडी तयारी.

ओबीडी म्हणजे काय?

गाडीच्या इंजिनाला स्वतःचा छोटा कॉम्प्युटर असतो, त्याला ईसीयू म्हणतात. तो सेन्सरकडून सतत माहिती घेतो. काही बिघडलं की एक कोड साठवतो आणि दिवा लावतो. हा कोड बाहेर वाचता यावा यासाठीची ठरलेली पद्धत म्हणजे ओबीडी-२. अमेरिकेत १९९६ पासून ती सगळ्या नव्या कारना सक्तीची आहे. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ती एप्रिल २०१३ पासून लागू झाली. त्याआधीची गाडी असेल तर डोंगल चालेलच असं नाही. स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या आसपास हात घाला. १६ पिनांचा, समलंब आकाराचा सॉकेट लागेल. तोच तो.

डोंगल घेताना काय बघायचं?

बाजारात मिळणारे बहुतेक स्वस्त डोंगल ईएलएम३२७ या चिपच्या नकला आहेत. मूळ चिप बनवणारी कॅनडाची कंपनी आता बंद झाली आहे. नकला वाईटच असतात असं नाही, पण "व्हर्जन २.१" असं मोठ्या अक्षरात छापलेले बरेच डोंगल काही कमांड समजतच नाहीत. आकडा मोठा म्हणजे वस्तू नवी, हा हिशोब इथे चालत नाही.

अँड्रॉइड असेल तर साधा ब्लूटूथ डोंगल चालतो. जोडताना पिन विचारला तर १२३४ किंवा ०००० टाकून बघा. आयफोनला हा साधा ब्लूटूथ डोंगल चालत नाही. त्याला ब्लूटूथ एलई किंवा वायफायवाला डोंगल लागतो. अ‍ॅप म्हणाल तर 'कार स्कॅनर' दोन्हींवर आहे, 'टॉर्क' अँड्रॉइडवर.

काम झालं की डोंगल काढून ठेवा. त्या सॉकेटला चावी बंद असतानाही बॅटरीचा करंट येतो. गाडी पंधरा दिवस उभी राहिली तर सकाळी धक्का मारायची वेळ येऊ शकते.

कोड म्हणजे निदान नव्हे

चावी ऑन करून अ‍ॅप जोडलं. कोड आला पी०२९९. यातला पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग. त्यापुढचं शून्य म्हणजे कोड सगळ्या कंपन्यांसाठी समान. तिथे १ असेल तर बहुतेक वेळा तो कंपनीचा स्वतःचा कोड असतो आणि त्याचा अर्थ त्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच शोधावा लागतो. पी०२९९ चा अर्थ, टर्बोचा दाब पाहिजे तेवढा तयार होत नाही.

नीट वाचा, यात "टर्बो खराब आहे" असं कुठेही म्हटलेलं नाही. डॉक्टरला ताप आहे असं सांगितलं म्हणजे मलेरिया झाला असं होत नाही. दाब कमी पडायला टर्बो कारणीभूत असेल, दाब मोजणारा सेन्सर असेल, टर्बोला हुकूम देणारी व्हॅक्यूमची बारीक नळी असेल, किंवा तयार झालेला दाब वाटेत गळत असेल.

इथे माझी पहिली चूक. मी "क्लिअर कोड" दाबलं. दिवा गेला, मी खूश. ४० किलोमीटरवर परत लागला. कोड पुसला की बिघाडाच्या क्षणाची नोंद, म्हणजे फ्रीझ फ्रेम, तीही पुसली जाते. नशीब, आधी सवयीनं स्क्रीनशॉट काढले होते. तुम्हीही काढा, मगच पुसा.

दुसरी चूक जास्त महाग. इंटरनेटवर वाचून मी दाबाचा सेन्सर, म्हणजे मॅप सेन्सर, २,९०० रुपयांना मागवला आणि बदलला. काही फरक नाही. हे पैसे कसे वाचले असते ते ऐका. इंजिन बंद ठेवून चावी फक्त ऑन केली की हा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. मुंबईत तो साधारण १०१ किलोपास्कल असतो, पुण्यात उंचीमुळे ९५ च्या आसपास. बऱ्याच मोबाईलमध्ये बॅरोमीटर असतो. माझा मोबाईल ९४८ हेक्टोपास्कल दाखवत होता, म्हणजे ९४.८ किलोपास्कल. काढलेला जुना सेन्सर परत लावून बघितला तर आकडा ९५. सेन्सर ठणठणीत होता! दोन मिनिटांची ही तपासणी मी पैसे गेल्यावर केली.

चालत्या गाडीचे आकडे

मग ताईला शेजारी बसवलं आणि मोबाईल तिच्या हातात दिला. चालवणाऱ्यानं स्क्रीनकडे बघायचं नाही, हा नियम घरात पक्का करून घ्या. मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला. दाब १२५ च्या वर जाईना. अशा डिझेल टर्बो इंजिनात जोर लावल्यावर तो २०० च्या पुढे जायला हवा. ताई म्हणाली, "अरे, पुढून फुस्स आवाज येतोय." ग्राफवर हे दिसत नव्हतं.

गाडी थंड झाल्यावर बोनेट उघडलं. आधी टर्बोच बघितला. एअर फिल्टरकडून येणारा पाईप काढला आणि टर्बोचं पातं बोटानं हलवलं. आडवी किंचित हालचाल चालते. आत-बाहेर सरकत असेल किंवा पातं कडेला घासत असेल तर मात्र तो खरंच गेलेला. आमचा व्यवस्थित होता. मग टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी होजवर हात फिरवला. खालच्या बाजूला, क्लॅम्पजवळ, बोटं तेलानं ओली झाली. आरसा धरून बघितलं तर चार सेंटिमीटरची चीर. इंजिन नुसतं चालू असताना ती मिटलेली राहते. दाब वाढला की तोंड उघडते. म्हणून उभ्या गाडीत कोणालाच काही दिसलं नव्हतं.

जुना होज दुकानात नेऊन मापाचा आणला, सोबत दोन नवे क्लॅम्प. पाईपची तोंडं कपड्यानं तेल जाईपर्यंत पुसली, नाहीतर होज दाबानं निसटतो. स्क्रू ड्रायव्हर, दहाचा पाना आणि पाऊण तास, बस्स. त्याच चढावर परत गेलो. दाब २१५.

घरी काय करायचं नाही

एअर फिल्टर, केबिन फिल्टर, बॅटरी, होज, बल्ब, सेन्सर साफ करणं ही कामं घरी आरामात होतात. मी पुढचे ब्रेक लायनरही बदलले, पण पहिल्यांदा शेजारच्या काकांना, जुन्या मेकॅनिकना, जवळ उभं करून. गाडी फक्त जॅकवर असताना कधीही खाली शिरू नका. स्टँड लावा, आणि तोही पक्क्या जमिनीवर. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. डिझेलच्या कॉमन रेलमध्ये चालू इंजिनात हजार बारपेक्षा जास्त दाब असू शकतो. ती धार कातडीतून आत घुसते, तिथे पाना लावायचाच नाही. पिवळ्या वायरींचे एअरबॅगचे कनेक्टर सोडा. टायमिंग बेल्ट आणि क्लच मी स्वतः करत नाही, पैसे देतो.

गाडी विकत घेण्याआधी हे नक्की बघा

अ‍ॅपमध्ये "कोड पुसल्यापासूनचं अंतर" अशी एक नोंद असते. सगळ्या गाड्या ती देत नाहीत, पण देत असेल तर सोनं आहे. विकणारा म्हणतो दिवा कधीच लागला नाही आणि नोंद दाखवते १२ किलोमीटर, तर कालच कोणीतरी कोड पुसलाय. बॅटरी काढली तरी बऱ्याच गाड्यांत हा आकडा शून्य होतो, त्यामुळे लगेच भांडू नका. निदान ५० किलोमीटरची, चढ असलेली टेस्ट ड्राइव्ह मागा आणि परत आल्यावर पुन्हा कोड वाचा.

माझ्या पहिल्या दिवसाच्या स्क्रीनशॉटमध्ये ही नोंद होती, पण लक्ष गेलं पाईप बदलल्यावर. २,१४० किलोमीटर. बाबांच्या डायरीत गाडी घेतल्या दिवसाचं रीडिंग लिहिलेलं होतं. तेव्हापासून घाटातल्या त्या दिवसापर्यंत गाडी चालली होती २,०९५.