एचएमटी धान कुणाचे?

लहान शेतकरी जुन्याला चिकटून बसतो, सुधारित वाण स्वीकारत नाही, असे आपल्याला वर्षानुवर्षे सांगितले गेले. एचएमटी धानाचा इतिहास हे म्हणणे खोटे ठरवतो.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे हे दलित समाजातले, तिसरीपर्यंत शिकलेले, तुटपुंज्या जमिनीचे शेतकरी. 1983 मध्ये 'पटेल 3' धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षामागून वर्ष निवड करत राहिले. त्यातून बारीक दाण्याचा, चवदार तांदूळ तयार झाला. 1990 च्या सुमारास तो बाजारात आला आणि त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव त्याला चिकटले.

सुरुवातीला ना सरकारी शिफारस होती, ना जाहिरात. तरीही हे वाण छत्तीसगड, मध्य प्रदेशापर्यंत पोहोचले आणि टिकले. का? धान स्वपरागसिंचित पीक आहे. घरचे बियाणे राखून पुढच्या हंगामात पेरता येते, शेजाऱ्याला देता येते. संकरित बियाण्यासारखे दरवर्षी दुकानात जावे लागत नाही. शिवाय बारीक तांदळाला भाव मिळतो. परवडणारे आणि हातात राहणारे वाण लहान शेतकरी सोडत नाही. बाबासाहेबांनी 1918 च्या लहान धारणक्षेत्रांवरील निबंधात हेच बजावले होते, की जमिनीच्या आकाराइतकाच शेतकऱ्याच्या हाती असलेल्या साधनांचा विचार करा.

1994 मध्ये कृषी विद्यापीठाने दादाजींकडून बियाणे नेले. शुद्धीकरण करून 1998 मध्ये ते 'पीकेव्ही एचएमटी' म्हणून प्रसारित झाले. त्या नावात दादाजी कुठेच नाहीत. 2005 मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, पण हलाखी संपली नाही. 3 जून 2018 रोजी ते गेले.

आम्हाला यात जातिव्यवस्थेची जुनीच वाटणी दिसते : श्रम बहुजनांचे, ज्ञानाची मालकी दुसऱ्याची. बांधीत पंचवीस-तीस वर्षे केलेले निरीक्षण हे संशोधनच आहे, मग ते करणाऱ्याकडे पदवी असो वा नसो.

2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करण्याचा हक्क दिला आहे. गावागावांतील कार्यकर्त्यांनी अशी वाणे शोधावीत, त्यांचे अर्ज भरून द्यावेत. पुतळ्याला हार घालण्याइतकेच हेही चळवळीचे काम आहे.

जय भीम!