सुरनीस ते सचिव

शाळेतल्या जुन्या संगणकावर लिनक्सचा नवा कर्नल बांधायला घेतला. (वर्गात कर्नल म्हटलं की मुलांना फौजेतलेच आठवतात.) पहिल्या वेळी सगळ्या प्रश्नांची उत्तरं शहाणपणाने स्वतःच दिली. डिस्कचा ड्रायव्हर राहून गेला आणि यंत्र सुरूच होईना. जुना कर्नल मेनूत शिल्लक होता म्हणून दुसऱ्या दिवशीचा तास वाचला.

मग रीतसर केलं. चालू कर्नलची कॉन्फिग फाईल 'बूट' फोल्डरमधून उचलून नव्या सोर्समध्ये ठेवली आणि 'मेक ओल्डकॉन्फिग' दिलं. जुनी हजारो उत्तरं तशीच राहिली, फक्त नव्या पर्यायांबद्दल विचारणा झाली. एक खोच मात्र आहे. एखाद्या पर्यायाचं नाव नव्या आवृत्तीत बदललं असेल, तर जुनं उत्तर गुपचूप गळून पडतं. यंत्राला नाव कळतं, काम कळत नाही.

इथे मला आंबवडे आठवलं. भोर संस्थानचे मूळपुरुष शंकराजी नारायण सचिव यांची समाधी तिथे आहे. 'सचिव' हे पद आधी 'सुरनीस' होतं. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी पदांची नावं बदलली: मुजुमदाराचा अमात्य झाला, वाकनीसाचा मंत्री, डबीराचा सुमंत. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोशही करवून घेतला. राज्य नवं होतं, सार्वभौम होतं, तेव्हा नावं आपली हवीत हे रास्तच. पण कागद तपासून दुरुस्त करण्याचं सुरनिसाचं काम सचिवाकडे चालूच राहिलं. १६२६ मध्ये वारलेल्या मलिक अंबरच्या जमीन महसुलाच्या पद्धतीतलंही बरंच काही पुढे टिकलं.

आज कोणी मराठीतले फारसी शब्द वेचून फेकायला निघालं, की ते मला माझ्या त्या पहिल्या प्रयत्नासारखं वाटतं. जिल्हा, तहसील, वसूल, दिवाणी, फौजदारी यांना पर्याय जरूर शोधावेत. पण त्याआधी त्या शब्दामागे कोणतं काम चालू आहे ते पाहावं. आमच्यातलेही काही जण हे शब्द 'आपले' म्हणून मिरवतात, तेही मला पटत नाही. साडेतीनशे वर्षं ज्यांनी ते वापरले, त्या सगळ्यांचेच ते आहेत.

सहलीत एका मुलीने समाधीपाशी विचारलं, "सर, सुरनीस म्हणजे मुसलमान होते का?" मी म्हटलं, "नाही गं, हेच ते काम करणारे." मग तिने वहीत दोन्ही शब्द शेजारी-शेजारी लिहून घेतले.