परीक्षा टाळण्यासाठी लिहिलेला निबंध

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात लोणी, संगमनेर आणि कोपरगाव या तीन ठिकाणी १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली. विनाअनुदान महाविद्यालयांना सरकारने परवानगी दिली ती त्याच सुमारास. उसाच्या पट्ट्यातल्या या वर्गांत पुढे संगणकशास्त्रही आले. प्रश्नपत्रिका मात्र पुणे विद्यापीठाची. लोणीचा आणि पुण्याचा विद्यार्थी एकच पेपर सोडवणार. खेड्यातल्या मुलाच्या पदवीला शहरातल्या पदवीइतकेच मोल मिळाले, ते यामुळेही.

त्यातला एक विषय अल्गोरिदमचा. अल्गोरिदम म्हणजे रीत. भागाकाराची रीत आपण प्राथमिक शाळेतच शिकवतो. इथे त्या रीतीला किती पायऱ्या लागतात आणि ती बरोबरच का, हे विचारायचे असते. डोनाल्ड क्नुथ यांनी १९६८ पासून लिहिलेल्या ग्रंथांत मांडणी विषयवार आहे. क्रम लावणे आणि शोधणे यांना मिळून एक अख्खा खंड. होरोवित्झ आणि सहानी यांच्या १९७८ च्या पुस्तकाने प्रकरणे पाडली ती युक्त्यांनुसार: तोडून सोडवणे, हावरटपणे निवडणे, कोष्टक भरत जाणे, चुकले की मागे फिरणे. यातले सरताज सहानी जन्माने पुण्याचे. आपल्याकडचे अभ्यासक्रम बहुधा याच वळणाने गेले. विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमातही हेच दिसते. त्यात सहा घटक होते. पहिल्या दोनांवर सत्रामध्ये ३० गुण, उरलेल्या चारांवर सत्राअखेर ७०. प्रात्यक्षिकाचे गुण वेगळे, तेही मशीन लर्निंगबरोबर वाटून घेतलेले.

हे गुण नेमके काय मोजतात? एक उदाहरण घेऊ. राहात्याचा बागायतदार दहा किलो मावणारी पिशवी घेऊन बाजारात निघाला आहे. पेरूची एक पेटी ६ किलोची, किंमत ६६ रुपये. डाळिंबाच्या दोन पेट्या, प्रत्येकी ५ किलो आणि ५० रुपये. हावरट रीत किलोमागे जास्त भाव देणारी पेटी आधी उचलते. पेरू घेतले की चार किलोंची जागा उरते आणि दुसरी पेटी बसत नाही. हाती ६६ रुपये. दोन्ही डाळिंबे घेतली असती तर १०० मिळाले असते! पेटी फोडायला परवानगी असेल तर मात्र हीच रीत १०६ रुपये देते, आणि त्याहून जास्त कोणालाच मिळणार नाही. पेटी फोडता येते की नाही, एवढ्यावर सगळे फिरते.

परीक्षेत याचे कोष्टक भरायला सांगतात. हजारो उत्तरपत्रिका सारख्याच मापाने तपासायच्या, तर कोष्टक सोयीचे. चौकटीगणिक गुण देता येतात. पण कोष्टक अचूक भरणाऱ्याला पेटी फोडल्यावर काय बदलले हे सांगता येईलच असे नाही. हा दोष परीक्षकाचा म्हणवत नाही. सर्वांना एकच पेपर हवा, तर हा खर्च त्याबरोबर येतो.

त्या प्रात्यक्षिकांच्या यादीत हफमन यांची रीतही होती. तिचा जन्म गमतीचा आहे. १९५१ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये रॉबर्ट फानो यांनी वर्गाला पर्याय दिला: शेवटची परीक्षा द्या, नाहीतर निबंध लिहा. निबंधाचा विषय होता, मजकूर शून्य-एकांत लिहायचा तर कमीत कमी अंक कसे लागतील. प्रश्न अजून सुटलेला नाही आणि आपण स्वतः व क्लॉड शॅनन त्यावर झटलो आहोत, हे फानोंनी सांगितले नव्हते. डेव्हिड हफमन यांनी निबंध निवडला. काही महिने गेले, काही जमेना. शेवटी परीक्षेचाच अभ्यास करावा म्हणून ते टिपणे टोपलीत टाकू लागले आणि तेव्हाच सुचले. फानो अक्षरांचे गट वरून खाली पाडत होते; हफमन यांनी खालून सुरुवात केली. सर्वांत क्वचित येणारी दोन अक्षरे जोडायची, त्यांचे एक अक्षर मानायचे, पुन्हा तेच. १९५२ साली तो निबंध छापून आला.