तळटीप : दबावगट
* दबावगट : स्वतः सत्तेत न जाता सरकारचे निर्णय वळवू पाहणारा संघटित गट. लेखकाने येथे केवळ साखर कारखानदारांचा विचार केला आहे. परंतु पैसा किंवा मतपेढी हाताशी नसलेले गटही असतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे मोर्चे, धरणी, आमदारांच्या भेटी असा पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा. इतकी किंमत मोजावी लागणे हे शासनाचे अपयशच. मूळ मसुद्यातली कित्येक कलमे तोवर गळाली होती. अशा गटाचे यश मात्र कलमांच्या संख्येवर मोजू नये, अंमलबजावणीवर मोजावे. या कायद्याखाली भोंदूबाबांवर गुन्हे नोंदले गेले, शिक्षाही झाल्या.