उथळ समुद्रातील कॅल्डेरा-उद्रेकांचे निक्षेप

भूकवचातील कोठीत साठलेला शिलारस थोड्या काळात प्रचंड प्रमाणात बाहेर फेकला गेला, की कोठीचे छत निराधार होऊन खचते आणि पृष्ठभागावर कित्येक किलोमीटर रुंदीचे कुंड तयार होते. त्यास कॅल्डेरा म्हणतात. असा उद्रेक उथळ समुद्रात वा लहानशा बेटावर घडला, तर बाहेर पडलेले द्रव्य कोठे साचेल आणि साचताना कितपत उष्ण राहील, हे बऱ्याच अंशी पाण्यावर अवलंबून असते. खोल समुद्रात पाण्याचा दाब वायूंचे प्रसरण रोखतो, पण काही दशक मीटर खोलीचे पाणी तसे करू शकत नाही; उलट शिलारसाशी संपर्क येताच त्याची वाफ होऊन स्फोटांना जोर येतो व राख अधिक बारीक होते.

सुंदा सामुद्रधुनीतील क्राकाटोआ बेटाचा २६-२७ ऑगस्ट १८८३ रोजीचा उद्रेक हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. त्यात बेटाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग नाहीसा झाला व त्या जागी सुमारे २५० मीटर खोलीचे कुंड उरले. बेट स्फोटाने उडून गेले हा समज आजही ऐकू येतो, परंतु निक्षेपांची साक्ष तशी नाही. डच भूवैज्ञानिक फेरबेक यांना त्यांत जुन्या खडकांचे तुकडे फारच थोडे आणि नव्या शिलारसापासून बनलेला सच्छिद्र पमिस दगड व राख विपुल आढळली. म्हणजे बेट मुख्यतः खाली खचले होते.

उद्रेकस्तंभ कोसळला की तप्त वायू, राख व पमिस यांचे मिश्रण उतारावरून वेगाने वाहू लागते. हा अग्निदलिक प्रवाह समुद्राला भिडताच दुभंगतो. त्याचा दाट तळभाग पाण्यात शिरून तळावर पसरतो, तर वरचा विरळ व हलका भाग पाण्यावरून पुढे सरकतो. क्राकाटोआच्या अशाच विरळ प्रवाहांनी सुमारे ४० किलोमीटर समुद्र ओलांडून सुमात्राच्या किनाऱ्यावरील माणसांना भाजले. पाण्यात शिरलेला भाग लगेच थंड होतो असे मानणे स्वाभाविक असले, तरी क्राकाटोआभोवतीच्या सागरतळावरील जाड, स्तरहीन निक्षेपांच्या चुंबकीय गुणधर्मांवरून ते सुमारे ५०० अंश सेल्सिअस तापमानाला साचल्याचे अनुमान निघते. पमिसचे वर्तनही अनपेक्षित असते: थंड पमिस महिनोन्‌महिने तरंगतो, पण तप्त पमिस पाण्यात पडला की त्याच्या छिद्रांतील वाफ द्रवरूप होऊन पाणी आत ओढले जाते व तो बुडतो. त्यामुळे एकाच उद्रेकातील काही पमिस जागच्या जागी तळाशी गाडला गेला आणि काही तरंगत हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागला.

प्रवाहांनी इतके द्रव्य ओतले की क्राकाटोआच्या उत्तरेस स्टीर्स व काल्मेयर ही दोन नवी बेटे पाण्यावर आली. मात्र सुट्या राखेचा व पमिसचा हा ढीग लाटांनी काही महिन्यांतच धुऊन नेला. पाण्याबाहेरचे निक्षेप मोजून काढलेले उद्रेकाचे आकारमान म्हणूनच कमी भरते. शिवाय पाण्यातील प्रवाहांपैकी काही पाणी मिसळत जाऊन गढूळ गाळप्रवाह बनतात आणि उद्रेकस्थळापासून फार दूर, खाली भरड व वर बारीक कण असलेले थर रचतात. टोंगातील हुंगा टोंगा-हुंगा हापाई येथील १५ जानेवारी २०२२ रोजीच्या उद्रेकात अशाच प्रवाहांनी सागरतळावरील दूरसंचार तारा तोडल्या; नंतरच्या मोजणीत तेथील कॅल्डेऱ्याची खोली सुमारे १५० मीटरांवरून ८५० मीटरांच्या आसपास गेल्याचे दिसले.